रिकामं विमान

विमान करायचंय असं सांगत मार्तंडराव पहिल्यांदा महादेवप्पांच्या दारात उभे राहिले, तेव्हा म्हाताऱ्यानं हातातली कोयती खाली ठेवली, डोक्याचा पटका सारखा केला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

महादेवप्पांच्या गल्लीत विमान एकच. लिंगायताघरचं माणूस गेलं की त्याला आडवं करून नेत नाहीत. अंघोळ घालून, कपाळी विभूती रेखून बसतं करतात आणि बांबूच्या कमानीखाली, केळीच्या खुंटांत, झेंडूच्या माळांत बसवून नेतात. त्या मखराला विमान म्हणायचं. लातुरात चाळीस वर्षांत जी विमानं निघाली, त्यांतली निम्मी तरी महादेवप्पांच्या हातची. आडत दुकानाचे मालक त्यातच बसून गेले आणि त्यांचे हमालही त्यातच बसून गेले.

मार्तंडरावांनी ओशाळून सांगितलं, की कुणी गेलेलं नाही. आपलं विमान पाच फुटी पंखांचं, खेळातलं. नाकाला छोटं इंजिन, पोटात रेडिओ. आपण जमिनीवर उभं राहायचं, हातातल्या पेटीची कांडी हलवायची, की आकाशात ते तसं वळतं. त्याचा डावा पंख मोडलाय आणि बांबूच्या बारीक कामट्या वाकवणारा हात गावात दुसरा नाही.

महादेवप्पा खोकला येईपर्यंत हसले. "म्हंजी बिनमाणसाचं विमान. आमच्यात असलं न्हाई बगा मास्तर. आमचं विमान रिकामं उंबऱ्याबाहेर पडत न्हाई."

मार्तंडरावही हसले. बोलणं हसण्यावारी गेलं आणि काम सुरू झालं.

मार्तंडराव पंधरा वर्षं हवाईदलात बिनतारी यंत्रं दुरुस्त करून आलेले, आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत. एका जुन्या सोबत्यानं दिलेली रेडिओची पेटी आणि मुठीएवढं इंजिन एवढीच त्यांची त्या दिवसांची कमाई. पूर्वी ते गावाबाहेरच्या माळावर उडवायचे. मग लातूर जिल्हा झाला. माळावर आधी फक्कीच्या रेघा आल्या, मग पाये आले, मग कचेऱ्यांच्या पाट्या. शेवटच्या खेपेला उतरता उतरता विमान एका अर्ध्या बांधलेल्या भिंतीवर गेलं आणि पंख मोडला. जिल्ह्याला चौथं वर्ष लागलं आणि दुष्काळाला दुसरं. जिल्ह्यानं माळ नेला, तो दुष्काळानं परत दिला, पण भलत्याच ठिकाणी. सिद्धाचा तलाव तळापर्यंत आटला. जिथं दोन पुरुष पाणी असायचं, तिथं आता सपाट, भेगाळलेली, तव्यासारखी जमीन होती. ना झाड, ना तार. मार्तंडरावांना ती जागा पाहताक्षणी आवडली, आणि आवडली याची लाज वाटली.

दोन महिने ते रोज कॉलेज सुटलं की महादेवप्पांच्या ओसरीवर जाऊन बसत. पंख झाला, मग शेपटीपर्यंतचा कामट्यांचा पिंजराही नवा झाला. म्हातारा कामट्या काढायचा, पाण्यात भिजवायचा, दिव्याच्या आचेवर हळूहळू वाकवायचा. भिजवायचं पाणी स्वतःच्या पिण्याच्या तांब्यातलं. त्याच्या डोक्यावर कोनाड्यात त्याच्या बायकोचा, गंगम्माचा, विभूतीचा गोळा होता. लिंबाएवढा, पांढराशुभ्र, रोजच्या तीन बोटांनी तीन चर पडलेला. गंगम्मा माघात गेली होती. तेव्हापासून गोळ्याला कुणी हात लावला नव्हता.

एकदाच, कामटी तासता तासता, वर न बघता महादेवप्पा बोलले. "बांबू भिजल्याबिगर वाकत न्हाई, मास्तर. मोठ्या विमानाला तीन घागरी लागत्यात. तवा घरात प्यायला एक न्हवती. केळीचा खुंट तर सपनात बी न्हवता. शाळंतल्या लोखंडी खुर्चीला दोन वासे बांधले आन् तिला नेलं." मग त्यांनी कामटी डोळ्याजवळ धरून बाक पाहिला, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मार्तंडरावांनी फडकं उचललं. ते इंजिन पुसत बसले.

वैशाखात महादेवप्पांची लेक रत्नम्मा जळकोटहून आली. तिच्या विहिरीला अजून हंडाभर पाणी होतं. अप्पांना ती आता कायमचं घेऊन जाणार होती. रविवारी दहाला गावची जीप निघायची. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जमिनीवरचं सगळं त्यांना मातकट धुकं दिसायचं. उजेडावर धरलेली वस्तू तेवढी कळायची. रत्नम्मा म्हणाली, खेळणं बघायला थांबायचं वय आहे का तुमचं?  अप्पा मार्तंडरावांकडं तोंड करून म्हणाले, "मास्तर, जायच्या आदी मला त्ये उडताना दावा. माज्या हातचं एक बी विमान वर गेलेलं म्या बघितलं न्हाई. समदी खालीच गेली."

मार्तंडरावांनी शब्द दिला. रविवारी सकाळी, दहाच्या आत.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी विमान ओसरीवर तोललं. तोलणं म्हणजे साधी गोष्ट: पंखांखाली ठरलेल्या खुणेवर दोन तर्जन्या लावून विमान उचलायचं. सरळ राहिलं किंवा नाक जरासं झुकलं, तर ठीक. शेपूट खाली गेली, तर ते विमान उडवायचं नाही. ते वर जाईल, पण तुमचं राहणार नाही. विमान दोन बोटांवर घारीसारखं स्थिर राहिलं. महादेवप्पांनी हात लावून खात्री केली आणि विचारलं, एवढंसं वजन बी कळतंय का ह्याला? मार्तंडराव म्हणाले, तोळाभर इकडचं तिकडं झालेलं कळतं. पंखाच्या टोकाला चिकटवलेला शेवटचा कागद ओला होता, म्हणून विमान रात्री तिथंच ठेवलं.

रविवारी सहालाच मार्तंडराव सायकलवरून तलावात उतरले. त्यांच्या हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर चौदा ओळी, हवाईदलातली सवय. उडवण्याआधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवायचं, काम करायचं, मगच पुढची ओळ. इंदूबाई, त्यांच्या पत्नी, त्याला मास्तरांची संध्या म्हणत. पहिली ओळ माणसांची होती: माणसांच्या डोक्यावरून नाही.

आणि माणसं होती. तलावाच्या तळाला, पश्चिम कडेला, बायकांनी झिरे खणले होते. कमरेइतक्या खड्ड्यात बसायचं, पाझरलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायचं, आणि खड्डा परत भरेपर्यंत वाट पाहायची. एरवी सातपर्यंत बायका उरकत. आज टँकर आला नव्हता, म्हणून दुप्पट होत्या. मार्तंडराव हात जोडून सांगायला गेले, की तासभर बांधावरच्या बाभळीखाली बसा, यंत्र आहे, नेम नसतो.

सरजाबाई त्यांच्यातली बोलभांड. तिला त्यांच्या हातातल्या तेलकट कापसाच्या बोळ्याचा वास आला. "मास्तर, ह्यो एरंडेलाचा वास कामून येऊन राहिला?"

मार्तंडरावांनी सांगितलं, की इंजिनाच्या तेलात एरंडेल घालावं लागतं. दुसरं तेल नांदेडहून आणायचं आणि त्यात हे मिसळायचं.

"म्हंजी इमानाला जुलाब. बरं हाय. वर जाऊन ढगाला बी दोन चमचे पाजा म्हणावं."

बायका खड्ड्याखड्ड्यांतून हसल्या. पण उठायला वेळ लागला. पाणी वाटीनंच चढत होतं, त्याला घाई करता येत नव्हती. शेवटच्या झिऱ्यात केवळाबाई होती, वयानं थोर, कानानं कमी. ती आपल्याच नादात गात होती:

वाटी वाटीनं भरीते, माझी घागर भरंना
वरल्या धन्याला बाई, माझी हाक गं पोचंना

तेवढ्यात टांगा आला. महादेवप्पा धुतलेलं धोतर नेसून, कपाळी विभूतीचे तीन पट्टे ओढून, मांडीवर विमान आडवं घेऊन बसले होते. लेकरू घ्यावं तसं. रत्नम्मा शेजारी, तोंड फिरवून. मार्तंडरावांनी म्हाताऱ्याला बांधाच्या सावलीत घोंगडीवर बसवलं, आकाश पुढ्यात येईल असं. घड्याळात साडेआठ. दूर उघड्या तळावर धुळीची पहिली भिंगरी उठून विरली. अजून अर्ध्या तासात गरम वारा धरणार होता, मग उडवणं शक्य नव्हतं. आणि दहाला जीप.

त्यांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. माणसं: बायका बाभळीखाली गेल्या. बॅटऱ्या: भरलेल्या. तिसरी ओळ होती तोल. बोट तिथं थांबलं. काल केलंय, दोघांनी मिळून केलंय, असं म्हणून बोट पुढं सरकलं.

बाकी अकरा ओळी त्यांनी चोख केल्या. रेडिओच्या पेटीची एरियलची काठी मिटवून चाळीस पावलं लांब गेले आणि तिथून कांडी हलवून शेपूट हलते का पाहिलं. कांडी डावीकडं, शेपूट डावीकडं. पंख बांधून धरणारे रबर ताणून पाहिले, नाकावरच्या पंख्याचा नट आवळला. इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं, आणि तलावाच्या तळाला तो कर्कश आवाज भरून राहिला. महादेवप्पांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

विमान वीसेक पावलं पळालं आणि उठलं. उठलं ते थांबेना. मार्तंडरावांनी कांडी पुढं ढकलली. नाक क्षणभर खाली आलं, आणि पुन्हा वर. उभंच्या उभं, शिडी चढावी तसं, ते आकाशात जात राहिलं. मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, लहान मुलासारखा. "दिसलं. रत्ना, दिसलं मला. चाललं बग वर."

वर जाऊन ते अडखळलं, शेपटीवर घसरलं, पडलं, सावरलं, पुन्हा नाक वर. मार्तंडरावांना वाटलं रेडिओ गेला. नव्हता गेला. कांडी फिरवली की शेपूट वळत होती, इथून दिसत होती वळताना. रेडिओ ऐकत होता, विमान ऐकत नव्हतं. त्याच्या पोटात काहीतरी त्यांच्या हातापेक्षा जड होतं. पंधरा वर्षं आणि चौदा ओळी एवढं घेऊन ते उन्हात उभे होते, आणि प्रत्येक गटांगळीबरोबर विमान पश्चिमेला, झिऱ्यांकडं सरकत होतं.

झिऱ्यांत कुणी नाही, एवढाच धीर होता. तोही टिकला नाही. केवळाबाई बाभळीखालून कधी उठली ते कुणाला कळलं नव्हतं. तिचा झिरा भरला असणार. भरला झिरा सोडून कोण बसेल? खड्ड्यात वाकलेली तिची पाठ तेवढी वर दिसत होती. बायकांनी हाका मारल्या. सरजाबाई अनवाणी पळत सुटली. केवळाबाईला काही ऐकू जात नव्हतं.

दोन किलोचं लाकूड, लोखंड आणि फिरता पंखा. मार्तंडरावांनी इंजिन बंद केलं. आवाज थांबला. आता विमान तरंगत, डुलत, तिच्याच दिशेनं उतरू लागलं. पुन्हा नाक उचलण्याआधी एक क्षण येतो, विमान पडत असतं आणि पडताना थोडंसं ऐकतं. तो क्षण आला. त्यांनी कांडी पुढच्या कोपऱ्यात, डावीकडं, जाईल तितकी दाबली आणि तशीच धरून ठेवली. दोन महिने ओसरीवर बसून घडवलेलं विमान त्यांनी स्वतःच्या हातानं जमिनीत घातलं. झिऱ्यापासून तीस पावलांवर. आवाज फार झाला नाही. सूप पडावं तेवढाच.

केवळाबाईनं मान वर केली, धुरळा पाहिला, आणि पुन्हा वाटी बुडवली.

मार्तंडराव पोचले तेव्हा सरजाबाई कागदाचे तुकडे पदरात गोळा करत होती.  पंखांचा चुरा झाला होता. इंजिन मातीत रुतलं होतं. शेपटीकडचा पिंजरा मात्र धड होता, महादेवप्पांचा हात होता तो. आतल्या पोकळीत कापूस ठासलेला दिसला. मार्तंडरावांनी तो ठासला नव्हता. त्यांनी तो ओढला. कापसात पांढरं फडकं, फडक्यात लिंबाएवढा विभूतीचा गोळा. तीन बोटांचे तीन चर. बारीक बोटांचे.

पुढं इंजिन, मधे यंत्र. जागा होती ती मागंच. आणि रिकामं विमान उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे तर म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दोन बोटं लावली असती तर सकाळीच कळलं असतं. आणि कळलं असतं तर काय केलं असतं? काढून ठेवा अप्पा, असं म्हटलं असतं?  त्यांनी गोळा खिशात घातला.

महादेवप्पा तसेच घोंगडीवर बसले होते, तोंड वर, आकाशाकडं. रत्नम्मा उभी होती. तिनं मार्तंडरावांकडं पाहिलं आणि मान किंचित हलवली. सांगू नका म्हणत होती, की तुम्हीच सांगा म्हणत होती, ते त्यांना समजलं नाही.

"आलं का खाली?" म्हाताऱ्यानं विचारलं. "मला वर जाताना दिसलं. पुढं उजेडात गेलं."

"आलं, अप्पा. मोडलं. चूक माझी. एक ओळ राहिली."

"माणसाला लागलं न्हाई न्हवं?"

"नाही."

"मंग हू द्या."  महादेवप्पा हात गुडघ्यांवरून फिरवत राहिले. मग आवाज खाली आणून, रत्नम्माला ऐकू जाऊ नये असं, त्यांनी विचारलं, "मास्तर. रिकामं आलं का?"

मार्तंडरावांचा हात खिशात होता. हवाईदलात त्यांनी कधी खोटी नोंद केली नव्हती. खराब यंत्राला चांगलं म्हटलं नव्हतं, अधिकारी डोक्यावर उभा असतानाही नाही. बोटं त्या तीन चरांत आपोआप बसली होती, आणि नीट बसत नव्हती.

"रिकामंच आलं," ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं श्वास सोडला. "मंग पोचली म्हणायची," एवढंच पुटपुटले आणि उठण्यासाठी लेकीकडं हात केला. टांगा वळला. मार्तंडराव बांधावर चढले. टांग्याच्या मागं बसलेले महादेवप्पा त्यांना शेवटपर्यंत दिसत होते. म्हाताऱ्याला ते दिसत नव्हते.

घरी इंदूबाईंनी काही न विचारता टेबल मोकळं करून दिलं. मार्तंडरावांनी माती झटकून विमानाच्या पोटातलं रेडिओचं यंत्र काढलं, बॅटरी जोडली, पेटीचं बटण दाबलं. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. शेजारी फडक्यावर गोळा ठेवलेला.

"हे काय?" इंदूबाईंनी विचारलं.

त्यांनी सांगितलं.

इंदूबाईंनी फडक्याची टोकं गोळ्यावर दुमडली आणि पुन्हा उघडली. देवघरात ठेवावा, तर आपल्याकडची रीत नाही. टाकावा, तर टाकायचा कुठं? जळकोटला पाठवावा, तर त्याचा अर्थ ती पोचली नाही असा व्हायचा. "मग ठेवायचा कुठं हो हा?" त्या म्हणाल्या.

मार्तंडरावांनी कांडी डावीकडं केली. विमान नव्हतं, शेपूट नव्हती. टेबलावरच्या यंत्राची इवलीशी भुजा लगेच डावीकडं वळली. उजवीकडं केली, उजवीकडं वळली. पुढं, मागं. सांगावं तसं, जराही न चुकता. ते हलवत राहिले. इंदूबाई उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या.